दम लागलेले जिवाणू

पाण्यात साखर हवी तेवढी विरघळते. लिटरभर पाण्यात अर्धा किलो टाकून ढवळली तरी दिसेनाशी होते. ऑक्सिजनचं तसं नाही. सदतीस अंशांच्या पाण्यात हवा कितीही खेळवली तरी लिटरमागे सात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मुरतो, आणि त्या पाण्यात क्षार आणि साखर असली तर त्याहूनही कमी. ज्या जिवाणूंकडून माणूस आपल्याला हवी ती प्रथिनं बनवून घेतो, त्यांचं सगळं जगणं या दोन गोष्टींच्या तफावतीत चालतं. खायला भरपूर, श्वासाला अपुरं.

मी खामगावची. १८७० मध्ये जलंबहून आमच्या गावाला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी, आणि अजूनही गावाचा बराचसा हिशोब कापसावरच चालतो. बाबा एका जिनिंगमध्ये मुनीम होते. त्यामुळे रुई, सरकी, गाठी हे शब्द मला पाढ्यांच्या आधी आले. अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलं आणि मुंबईला एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. काम होतं क्राय१एसी हे प्रथिन तयार करून, शुद्ध करून देणं. बीटी कापसाच्या झाडात बोंडअळीला मारणारं जे प्रथिन असतं, ते हेच. गावाकडचा कापूस सोडून मी समुद्राकाठी गेले, आणि हातात आलं ते कापसाचंच काम.

या प्रथिनाची गरज कुणाला पडते, हे आधी सांगायला हवं. २००२ साली महाराष्ट्रात, जालन्याच्या महिकोच्या बियाण्यातून बीटी कापूस रीतसर शेतात आला. २००६ मध्ये दोन क्राय प्रथिनं असलेलं वाण आलं. पुढे गुलाबी बोंडअळी या दोन्हींना पचवू लागली, आणि २०१७ च्या हंगामात वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांनी हिरवीगार दिसणारी बोंडं फोडून पाहिली तर आत अळी. अळी खरोखर किती निर्ढावली आहे हे मोजायचं तर शेतातल्या अळ्या आणाव्या लागतात आणि त्यांच्या खाद्यात मोजून-मापून क्राय प्रथिन मिसळावं लागतं. इतक्या मात्रेला किती मेल्या, दुप्पट मात्रेला किती. त्यासाठी प्रथिन शुद्ध हवं आणि पुरेसं हवं. कापसाच्या पानातून ते काढणं परवडत नाही, कारण एक ग्रॅम पानात ते मायक्रोग्रॅममध्ये असतं. बीटी पिकांच्या सुरक्षिततेच्या चाचण्यांत उंदरांना जे क्राय१एसी दिलं गेलं, तेही झाडातून काढलेलं नव्हतं. ते ई. कोलाय या जिवाणूत बनवलेलं होतं, आणि झाडातल्या प्रथिनाशी त्याची बरोबरी आधी तपासून घेतलेली होती.

ई. कोलायला हे प्रथिन अवजड जातं. क्राय१एसीच्या एका रेणूत ११७८ अमिनो आम्लं ओवलेली असतात. एक दुवा जोडायला पेशीला ऊर्जेचे चार बंध मोडावे लागतात. म्हणजे एका रेणूमागे चार हजार सातशेच्या आसपास. पेशीतलं रायबोसोम सेकंदाला पंधरा-वीस अमिनो आम्लं जोडतं, तेव्हा एक रेणू पुरा व्हायला मिनिटभर किंवा जरा जास्तच लागतं. पोषक द्रवात ही पेशी वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते, हे लक्षात घेतलं तर ते मिनिट किती महाग आहे ते कळतं. आणि या प्रथिनाचा जिवाणूला स्वतःला काहीही उपयोग नाही.

आमच्याकडे दहा लिटरचा फर्मेंटर होता. काचेचं भांडं, वरून पोलादी झाकण, मध्ये फिरणारा पंखा, खालून बुडबुडे. झाकणातून एक कांडी द्रवात उतरलेली असायची. ती विरघळलेला ऑक्सिजन मोजायची. प्रयोगशाळेत सगळे त्याला नुसतं डीओ म्हणत. बॅच लावली की डीओ शंभर टक्क्यांवर असतो. पहिले काही तास काहीच घडत नाही असं वाटतं. मग द्रव धूसर होतो, दुधाळ होतो, आणि आकडा उतरायला लागतो. ऐंशी, साठ, पस्तीस. पंखा आपोआप वेग वाढवतो, त्याचा आवाज चढतो, फेस झाकणापर्यंत येतो, अँटिफोमचे थेंब सोडावे लागतात. एका टप्प्याला पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो आणि आकडा तरीही शून्याजवळ जाऊन बसतो. त्या घडीला द्रवात विरघळणारा ऑक्सिजन विरघळताक्षणीच वापरला जात असतो. मी नव्याने आले होते तेव्हा वरिष्ठ बाईंनी मला त्या आकड्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "याच्याकडे बघायला शिक. जीन कुणीही घालतं."

त्या वाक्यातला अर्थ मला हळूहळू उमगला. बाहेरच्या जगाला जैवतंत्रज्ञान म्हणजे जीन कापणं आणि जोडणं एवढंच दिसतं, आणि त्यात आश्चर्य नाही. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जेनेन्टेक आणि सिटी ऑफ होप इथल्या शास्त्रज्ञांनी ई. कोलायमध्ये माणसाच्या इन्शुलिनच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या बनवल्या आणि मग जोडल्या, तेव्हा जगभर बातमी झाली ती जीनची. ते इन्शुलिन औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झालं १९८२ मध्ये. या मधल्या चार वर्षांत आणि त्यानंतरच्या चार दशकांत जिवाणूला जास्त दाट कसं वाढवायचं, त्याच्या पोटातली साखर वाया कशी जाऊ द्यायची नाही, त्याला प्रथिन कधी बनवायला सांगायचं, यावर जेवढं डोकं लावलं गेलं, त्याची बातमी क्वचितच होते. माझ्या मते औषध स्वस्त होतं ते या दुसऱ्या कामामुळे. कर्करोगाच्या उपचारात पांढऱ्या पेशी पुन्हा वाढवायला देतात ते फिलग्रास्टिमही ई. कोलायमध्येच बनतं. त्याची किंमत उतरली की तालुक्याच्या गावातल्या रुग्णाला ते परवडतं.

सुट्टीत घरी आले की बाबा विचारायचे, "काय करून राह्यली तू तिथं?" मी सांगायची, जिवाणू वाढवते, त्यांना साखर घालते. एकदा ते म्हणाले, "मंग साखर जास्त टाकत जा ना पोरी. जास्त खाईन तं जास्त वाढन."

प्रश्न अगदी नेमका होता. साखर जास्त झाली की ई. कोलाय ती पूर्ण जाळत नाही. अर्धवट जाळतो आणि उरलेला कार्बन ॲसिटेटच्या रूपात बाहेर टाकतो. ॲसिटेट म्हणजे व्हिनेगरमधल्या आंबट आम्लाचंच रूप. लिटरमागे काही ग्रॅम ॲसिटेट साठलं की त्याच जिवाणूची वाढ मंदावते, आणि परक्या प्रथिनाचं उत्पादन त्याहून आधी बसतं. ऑक्सिजन संपला तर हे होणारच. पण विचित्र गोष्ट अशी, की ऑक्सिजन मुबलक असतानाही, वाढ वेगात असली की ई. कोलाय ॲसिटेट टाकतोच. एवढी चांगली साखर तो अर्धी फेकून का देतो, याचं उत्तर बरीच वर्षं नीट मिळत नव्हतं.

२०१५ मध्ये सान डिएगोच्या टेरेन्स ह्वा यांच्या गटाने 'नेचर'मध्ये एक खुलासा मांडला, आणि तो वाचल्यावर मी बाबांना फोन केला होता. साखर पूर्ण जाळणारी श्वसनाची यंत्रणा उभी करायला पेशीला खूप प्रथिनं खर्ची घालावी लागतात. अर्धवट जाळणारी यंत्रणा त्या मानाने कमी प्रथिनांत उभी राहते. पेशी वेगात वाढत असते तेव्हा तिला रायबोसोम जास्त हवी असतात. प्रथिनांचं एकूण भांडवल ठरलेलं. मग ती साखर वाचवत बसत नाही, प्रथिनं वाचवते. साखर वाया जाते, पण वेग टिकतो. याच गटातल्या मॅथ्यू स्कॉट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं होतं, की पेशीला निरुपयोगी प्रथिन बनवायला लावलं तर जेवढा वाटा त्या प्रथिनाचा, त्या प्रमाणात वाढीचा वेग सरळ रेषेत उतरतो. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, जिनिंगमध्ये यंत्रं तेवढीच असतात, परक्या पेढीचा माल लावला की घरचा माल अंगणात पडून राहतो. मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

आता श्वासाकडे.

व्हिट्रिओसिला नावाचा एक जिवाणू आहे. तंतूसारखा लांब, रंगहीन, साचलेल्या पाण्याच्या तळाच्या गाळात आणि कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात सापडणारा. त्याला ऑक्सिजनशिवाय जगता येत नाही, आणि राहतो मात्र ऑक्सिजनचा दुष्काळ असलेल्या जागी. शिकागोतले डेल वेब्स्टर १९६० च्या दशकापासून या जिवाणूतल्या एका लालसर प्रथिनाच्या मागे होते. ते श्वसनसाखळीतलं सायटोक्रोम असावं असा बराच काळ समज होता. १९८६ मध्ये वाकाबायाशी, मात्सुबारा आणि वेब्स्टर यांनी त्यातल्या अमिनो आम्लांचा क्रम पूर्ण लावला, तेव्हा ते हिमोग्लोबिन निघालं. आपल्या रक्तातलं असतं त्याच घराण्यातलं. जिवाणूत हिमोग्लोबिन असल्याचा तो पहिला पक्का पुरावा.

त्याच सुमाराला पवईच्या आयआयटीतून केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन चैतन खोसला हा तरुण १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये पीएचडीला पोचला होता. त्याचे मार्गदर्शक जेम्स बेली. बेली मुळात रासायनिक अभियंते, पण फर्मेंटरमधली अडचण फर्मेंटरबाहेरून सोडवण्यापेक्षा पेशीच्या आतून सोडवावी असं त्यांच्या मनात घोळत होतं. तोवरचा रिवाज असा, की ऑक्सिजन कमी पडला तर पंखा जोरात फिरवा, हवेचा दाब वाढवा, हवेत शुद्ध ऑक्सिजन मिसळा. प्रत्येक उपायाला वीज लागते, पैसा लागतो, आणि मोठ्या टाक्यांत तो एका मर्यादेपलीकडे चालत नाही. शंभर लिटरच्या भांड्यात जमतं ते लाखभर लिटरच्या टाकीत जमत नाही, कारण बुडबुडा तळातून वर येईपर्यंत त्यातला ऑक्सिजन बराच उतरलेला असतो.

खोसला आणि बेली यांनी व्हिट्रिओसिलाच्या हिमोग्लोबिनची जीन शोधून काढली आणि ई. कोलायमध्ये घातली. १९८८ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा निबंध आला. हिमोग्लोबिन असलेले ई. कोलाय ऑक्सिजनच्या टंचाईत जास्त वेगाने वाढले आणि जास्त दाटीपर्यंत पोचले. १९९० मध्ये खोसला, बेली आणि सहकाऱ्यांनी पुढचा टप्पा मांडला: टंचाईतल्या या पेशी नुसत्या वाढतच नाहीत, प्रथिनही जास्त बनवतात. या जीनची एक खुबी मला अजूनही थक्क करते. तिला चालू-बंद करणारा डीएनएचा तुकडाही ऑक्सिजनच्याच इशाऱ्यावर चालतो. ऑक्सिजन उतरला की तो जागा होतो. परक्या पेशीत नेऊन ठेवला तरी तो ही सवय सोडत नाही. म्हणजे खर्च फक्त गरजेच्या वेळी.

हे हिमोग्लोबिन नेमकं काय करतं, याचा एक महत्त्वाचा दुवा भारतातून आला. कनक दीक्षित यांनी वेब्स्टर यांच्याबरोबर १९८८ मध्येच ही जीन वेगळी केली होती. पुढे त्या चंदीगडच्या इमटेक संस्थेत काम करू लागल्या. २००१ मध्ये त्यांच्या आणि वेब्स्टर यांच्या गटांनी मिळून दाखवलं, की हे प्रथिन पेशीत सगळीकडे विखुरलेलं नसतं, ते पेशीच्या पटलालगत गोळा होतं. श्वसनाचं शेवटचं काम जिथे चालतं, तिथेच. आलेला ऑक्सिजन धरायचा आणि शेजारच्या एन्झाइमच्या हाती द्यायचा. पुढे हीच जीन प्रतिजैविकं बनवणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिसमध्ये घालून पाहिली गेली, सेफालोस्पोरिन देणाऱ्या बुरशीत घातली गेली, आणि १९९७ मध्ये तर तंबाखूच्या रोपात.

बेली यांनी १९९१ मध्ये 'सायन्स'मध्ये एक लेख लिहून या सगळ्या कामाला चयापचय अभियांत्रिकी हे शास्त्र म्हणून उभं करायला हवं असं मांडलं. नंतर ते झुरिचला गेले. २००१ मध्ये, पन्नाशीतच, त्यांचं निधन झालं. खोसला १९९२ पासून स्टॅनफर्डमध्ये शिकवतात. पवईच्या वर्गातून निघालेल्या एका विद्यार्थ्याच्या नावावर १९८८ चा तो निबंध आहे, हे मराठी मुलांना शाळेत कुणी सांगत नाही. मला ते एमएस्सी झाल्यावर, नोकरीत असताना कळलं. ते मला आधी कळायला हवं होतं असं आजही तीव्रतेने वाटतं.

आमच्या प्रयोगशाळेतही आम्ही क्राय१एसी बनवणाऱ्या ई. कोलायला ही जीन देऊन पाहिली. फ्लास्क पाचव्या हिश्शापर्यंत भरून शेकरवर जोरात हलवला, म्हणजे हवा भरपूर, तेव्हा साध्या आणि नव्या जिवाणूंत डोळ्यांना दिसेल असा फरक नव्हता. फ्लास्क जास्त भरला, हलवणं कमी केलं, तेव्हा फरक उघड झाला. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर नळीच्या तळाशी बसलेला जिवाणूंचा गोळा एरवी फिकट पिवळसर असतो. या पेशींचा गोळा गुलाबीसर होता. हिमोग्लोबिनचा रंग. मी ती नळी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत होते. जेलवर निळ्या रंगात क्रायचा पट्टाही जास्त गडद आला. पण हिमोग्लोबिन हेदेखील एक प्रथिनच. ते बनवायलाही तीच रायबोसोम लागतात. जीन फार जोरात चालू केली की फायदा हातचा निघून जातो. बेतानं द्यावं लागतं.

प्रत्यक्ष उत्पादनात मात्र बहुतेक ठिकाणी पहिला आणि सर्वांत मोठा फायदा साखर थेंबाथेंबाने घालण्यात असतो. आम्हीही तेच करत असू. सुरुवातीची साखर संपली की डीओचा आकडा एकदम उसळतो, कारण खायला काही उरलं नाही म्हणून पेशींनी श्वास घेणं कमी केलेलं असतं. तो इशारा दिसला की पंप सुरू करायचा आणि पेशी जेवढं पूर्ण जाळू शकतील तेवढीच साखर सोडायची. ॲसिटेट साठत नाही आणि पेशी कितीतरी जास्त दाटीपर्यंत जातात. बाबांच्या सूचनेच्या नेमकं उलट. जीनच्या पातळीवरचे उपायही आहेत: ॲसिटेट बनवणाऱ्या वाटेवरच्या पीटीए आणि एसीकेए या जीन काढून टाकणं, किंवा साखर आत ओढणाऱ्या यंत्रणेतली पीटीएसजी काढून तिचा ओघच मंद करणं. पण एक वाट बंद केली की कार्बन दुसरीकडून फुटतो, लॅक्टेट किंवा पायरुव्हेटच्या रूपाने. चयापचयात कुठलाही बदल एकटा येत नाही.

कधीकधी उत्तर आधीच कपाटात असतं. जगभरच्या प्रयोगशाळांत प्रथिनांसाठी सर्वांत जास्त वापरला जातो तो ई. कोलायचा बीएल२१ हा वाण. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवनमधल्या विल्यम स्टडियर आणि बार्बरा मोफॅट यांनी त्याला प्रथिननिर्मितीच्या कामाला जुंपलं. त्याच्यात प्रथिनं कापणारी लॉन आणि ओम्पटी ही दोन एन्झाइमं नाहीत, म्हणून बनवलेला माल टिकतो. शिवाय महत्त्वाची गोष्ट अशी, की भरपूर साखरेतही तो इतर वाणांपेक्षा कमी ॲसिटेट टाकतो, कारण टाकलेलं ॲसिटेट परत वापरण्याची वाट त्याच्यात उघडी असते. हा गुण कुणी मुद्दाम घातलेला नाही. स्टडियर यांनीच २००५ मध्ये एक साधी आणि सुंदर युक्ती सांगितली: खाद्यात थोडं ग्लुकोज, थोडं ग्लिसरॉल आणि थोडं लॅक्टोज ठेवायचं. जिवाणू आधी ग्लुकोज संपवतो, तोवर वाढतो. ग्लुकोज संपलं की लॅक्टोजकडे वळतो, आणि लॅक्टोजच प्रथिन बनवण्याचं बटण दाबतं. रात्री लावून घरी जायचं, सकाळी प्रथिन तयार. आधी वाढ, मग काम, ही पाळी जिवाणूच्या स्वतःच्या भुकेवर सोडलेली.

बाबांचं वय झालं तशी मी खामगावला परत आले आणि एका महाविद्यालयात शिकवू लागले. इथे फर्मेंटर नाही. एक शेकर आहे, एक इन्क्युबेटर, आणि मे महिन्यात पंचेचाळिसाला टेकणारा पारा. पुस्तकात लिहिलेलं असतं की क्रायसारखी अवजड प्रथिनं नीट घडी घालून हवी असतील तर जिवाणूला पंचवीस अंशांवर किंवा त्याखाली ठेवा. आमच्या इन्क्युबेटरला गरम करता येतं, गार करता येत नाही. उन्हाळ्यात तो सदतिसावर ठेवला तरी चाळीस दाखवतो. त्यात पाणी जितकं गरम, तितका ऑक्सिजन कमी मुरतो. आणि वीज गेली की शेकर थांबतो. दाट वाढलेल्या फ्लास्कमधला ऑक्सिजन त्यानंतर मिनिटभरही पुरत नाही. मुंबईत जे मी एका कांडीवर वाचत होते, ते इथे मुलं वेगळ्या रीतीने पाहतात. द्रवात फिनॉल रेड हा आम्लात पिवळा पडणारा रंग घातलेला असतो. साखर जास्त असलेला फ्लास्क पिवळा होतो आणि पिवळाच राहतो. साखर कमी असलेला आधी नारिंगी होतो आणि काही तासांनी परत लाल. साखर संपल्यावर जिवाणूंनी टाकलेलं ॲसिटेट स्वतःच खाऊन टाकलेलं असतं. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, उष्टं खाल्लं यानं." मी फळ्यावर तेवढंच लिहिलं आणि पुढे गेले.

कापसाच्या शेताच्या मातीतून बीटीचा मूळ जिवाणूच शोधायचा, असं आम्ही ठरवलं. बॅसिलस थुरिंजिएन्सिस. १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना तो मरणाऱ्या रेशीमकिड्यांत सापडला, आणि १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या अळीत. मातीत त्याचे बीजाणू असतात, पण इतर बॅसिलसच्या गर्दीत. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या ट्रॅव्हर्स आणि सहकाऱ्यांनी त्याला वेगळा काढायची रीत दिली, आणि तिचा कणा आहे सोडियम ॲसिटेट. माती ॲसिटेट घातलेल्या पोषक द्रवात काही तास हलवायची. ॲसिटेटमुळे बीटीचे बीजाणू झोपूनच राहतात, बाकीचे बरेच अंकुरतात. मग ऐंशी अंशांवर काही मिनिटं तापवायचं. अंकुरलेले मरतात, झोपलेले वाचतात. ज्या ॲसिटेटला मी मुंबईत वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, ते इथे चाळणीच्या कामाला आलं.

मिळालेल्या वसाहतींतून एका वसाहतीची काचपट्टी आम्ही फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. लांबट पेशीत एका बाजूला चमकणारा बीजाणू आणि त्याच्या शेजारी टोकदार, शंकरपाळ्याच्या आकाराचा गडद स्फटिक. तो स्फटिक म्हणजे क्राय प्रथिन. बीजाणू धरलेल्या पेशीच्या कोरड्या वजनाचा वीस ते तीस टक्के भाग एवढा ऐवज या एका प्रथिनाचा असू शकतो. मुंबईत आम्ही ई. कोलायकडून जेवढं काढायला धडपडत होतो, तेवढं हा जिवाणू गवगवा न करता काढतो. त्याची रीतही स्टडियर यांच्या युक्तीसारखीच. जोवर खायला आहे तोवर तो वाढतो. क्रायच्या बहुतेक जीन तेव्हा बंद असतात. अन्न संपलं, बीजाणू धरायची वेळ आली, की त्या उघडतात आणि मागे ठेवलेलं सगळं भांडवल स्फटिकात जातं. वाढ आणि उत्पादन यांची वाटणी त्याने वेळेत केलेली आहे.

बॅसिलसच्या या सवयीचा दुसरा नमुना आमच्याच जिल्ह्यात आहे. लोणार सरोवराचं पाणी खारट आणि साबणासारखं अल्कधर्मी. तिथल्या जिवाणूंतून अल्कधर्मी पाण्यात काम करणारं प्रोटीएज, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या प्रज्ञा काणेकर आणि सहकाऱ्यांनी मिळवलं. खाद्य बदलत बदलत त्याचं उत्पादन कसं वाढवलं, ते त्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलं. कपडे धुण्याच्या पावडरीत घालतात ती एन्झाइमं याच जातीची. अशी एन्झाइमं जुन्या एक्स-रे फिल्मवरचा जिलेटिनचा थर खातात आणि त्यात अडकलेली चांदी मोकळी होते. खामगावच्या चांदीच्या पेढ्या देशभर प्रसिद्ध आहेत, त्यामुळे हा प्रयोग मुलांच्या फार जिव्हाळ्याचा. फिल्मवर बॅसिलस वाढवलेल्या द्रवाचे थेंब ठेवले की तासाभरात थेंबाखालचा काळा थर सुटतो आणि पारदर्शक ठिपका उरतो. साखर घातलेल्या फ्लास्कमधल्या द्रवाचा ठिपका पुसट आला, उपाशी फ्लास्कमधल्याचा स्वच्छ. पोटभर खायला असेल तोवर बॅसिलस हे एन्झाइम बाहेर सोडायला राजी नसतो.

मुलांनी यावरून पुढचा प्रश्न स्वतःच काढला. बीटीला बीजाणू धरायला ऑक्सिजन लागतो, मग श्वास कोंडला तर स्फटिकाचं काय होतं? खामगावच्या मातीतल्या त्या वसाहतीचे फ्लास्क या आठवड्यात लागतील: एक पाचव्या हिश्शापर्यंत भरलेला, एक निम्मा, एक गळ्यापर्यंत. तिन्हीत खाद्य तेच. तीन दिवसांनी प्रत्येकातल्या शंभर पेशी पाहून स्फटिक असलेल्या किती ते मोजायचं. मोजणारा प्रत्येक विद्यार्थी वेगळा असेल, आणि कुठली काचपट्टी कुठल्या फ्लास्कची, हे त्याला आधी सांगायचं नाही. आळीपाळीने रात्री थांबून वीज गेली तर फ्लास्क हाताने हलवत राहायचं, हे त्यांनीच ठरवलं आहे. पहिल्या रात्रीची पाळी उद्या आहे.